‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आणि तुर्कीत झालेली त्यांची वाटणी

क्रिकेटमुळे ‘रन’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी इंग्रजी शिकण्याच्या कितीतरी आधी बसलेला असतो. पुढे शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ हे पाठ होते आणि प्रकरण संपले असे वाटते. त्यानंतर इंग्रजी वाचू लागले, की नाक ‘रन’ होते, रस्ता नदीकाठाने ‘रन’ होतो, एखादी बाई कंपनी ‘रन’ करते, एखादा पुढारी निवडणुकीसाठी ‘रन’ होतो आणि संगणकावर प्रोग्राम ‘रन’ होत राहतो. यांपैकी कोणीही धावत नसते. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘प्रोग्राम धावत आहे’ यासारखे वाक्य आले, की आपल्याला हसू येते; पण ते का चुकले आणि तिथे ‘चालू आहे’च का हवे, हे नेमक्या शब्दांत सांगता येत नाही.

हा गोंधळ कोशकारांनाही चुकलेला नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती आणि त्याचे सुमारे ४३० अर्थ तेथे दिले होते. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर हा मान २००० साली ‘मेक’कडे, २००७ मध्ये ‘पुट’कडे आणि २०११ मध्ये ‘रन’कडे गेला. ‘रन’च्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले, ही नोंद तयार करणारे संपादक पीटर गिलिव्हर यांना त्यासाठी सुमारे नऊ महिने लागले.

एका क्रियापदात इतके अर्थ कसे मावले, हे समजून घ्यायला तुर्की भाषा फार उपयोगी पडते. तुर्की इंग्रजीच्या कुळातली नाही. मराठी आणि इंग्रजी एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत. तरीही वाक्यरचनेत आणि क्रियापद घडवण्याच्या रीतीत तुर्की आपल्याला इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. ‘बेन इस्तान्बुल्दा चालिशियोरुम’ म्हणजे ‘मी इस्तंबूलमध्ये काम करतो’. क्रियापद शेवटी येते आणि ‘मध्ये’ हा अर्थ दाखवणारा प्रत्यय नामाच्या मागे चिकटतो, हे दोन्हीकडे सारखेच. पुढे येणाऱ्या तुर्की क्रियापदांच्या शेवटी असलेले ‘माक’ किंवा ‘मेक’ हे आपल्या ‘णे’चे काम करते, दोहोंपैकी कोणते लागायचे ते आधीच्या स्वरावर ठरते. तुर्कीतील एका विशिष्ट स्वराला देवनागरीत अक्षर नसल्यामुळे तो येथे ‘इ’ने लिहिला आहे.

दोन क्रियापदांचे एक झाले

आजचा ‘रन’ हा मुळात एक शब्द नव्हता. जुन्या इंग्रजीत ‘रिन्नान’ हे एक क्रियापद होते आणि त्याचे अर्थ वाहणे व धावणे असे दोन्ही होते. जर्मनमध्ये त्याचे भावंड असलेला ‘रिनेन’ आजही पाण्याच्या वाहण्या-झिरपण्यासाठी वापरला जातो. म्हणजे ‘नाक रन होते’ या वापराला धावण्यावरून ओढूनताणून काढलेले रूपक समजण्याचे कारण नाही, कारण तो या शब्दाचा मूळचाच एक अर्थ आहे. अनेक व्युत्पत्तिकोशांत या शब्दाचे नाते वाहण्याचा अर्थ असलेल्या एका प्राचीन धातूशी जोडले जाते. संस्कृतातील ‘री’ हा धातू त्याच घरातला मानला जातो आणि ‘रीति’ या शब्दाचा वैदिक अर्थही प्रवाह, गती असाच आहे. मूळ धातूबद्दल विद्वानांत एकमत नाही, त्यामुळे आपली ‘रीत’ आणि क्रिकेटमधला ‘रन’ यांचे नाते पक्के आहे असे म्हणू नये. पण ते शक्य आहे.

दुसरे क्रियापद ‘आर्नान’ होते. त्याचा अर्थ घोडा दौडवणे, धावत जाऊन गाठणे असा होता. जो स्वतः धावतो त्याच्यासाठी पहिले क्रियापद आणि जो दुसऱ्याला धावायला लावतो त्याच्यासाठी दुसरे, अशी ती विभागणी होती. या दुसऱ्या प्रकाराला मराठी व्याकरणात प्रयोजक क्रियापद म्हणतात: मूळ क्रिया करणारा वेगळा आणि ती करायला लावणारा वेगळा. आपण ‘व’ लावून बसणे-बसवणे, पळणे-पळवणे, चालणे-चालवणे अशा जोड्या करतो, आणि काही ठिकाणी नुसता स्वर बदलून पडणे-पाडणे, मरणे-मारणे अशाही. प्राचीन जर्मानिक भाषांमध्ये एक प्रत्यय लागत असे आणि त्याबरोबर स्वरही बदलत असे. प्रत्यय झिजून गेला आणि स्वराचा फरक तेवढा उरला. आजच्या इंग्रजीत त्याचे अवशेष सापडतात. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि झाडाच्या बाबतीत वापरला जाणारा ‘फेल’ म्हणजे पाडणे, ही जोडी आपल्या पडणे-पाडणेसारखीच आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे मुळात बसवणे. दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंदीचा मान ज्याच्याकडे होता, तो ‘सेट’ही असा प्रयोजकच निघावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

‘सिट-सेट’ ही जोडी टिकली, ‘रन’ची मात्र टिकली नाही. याचे एक कारण उच्चारांत आहे. जुन्या इंग्रजीत शब्दातील ‘र’ आणि स्वर यांची जागा सहज बदलत असे, त्यामुळे ‘रिन्नान’चे ‘इर्नान’ असेही रूप होते. याला वर्णविपर्यय म्हणतात. आपण ‘चिकटणे’चे ‘चिटकणे’ आणि ‘नुकसान’चे ‘नुसकान’ करतो, तोच हा प्रकार. त्यात नवव्या-दहाव्या शतकांत उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कॅन्डिनेव्हियन लोकांच्या भाषेत ‘रेन्ना’ हे एकच रूप धावणे आणि धावायला लावणे या दोन्ही अर्थांनी चालत होते. या साऱ्या घुसळणीत दोन्ही क्रियापदे एकमेकांत मिसळली, आणि भूतकालवाचक धातुसाधितातला स्वर वर्तमानकाळातही शिरून साधारण सोळाव्या शतकापर्यंत आजचे ‘रन’ हे रूप स्थिरावले. दूध विरजून चीज करण्यासाठी जे ‘रेनेट’ वापरतात, त्याच्या नावातही बहुधा हेच क्रियापद दडलेले आहे: दुधाला ‘एकत्र धावायला’, म्हणजे गोठायला लावणारा पदार्थ.

परिणाम असा झाला की ‘घोडा धावतो’ आणि ‘घोडा धावडवतो’ या दोन्हींसाठी इंग्रजीत एकच शब्द उरला. एकदा ही मुभा मिळाल्यावर घोड्याच्या जागी गिरणी, आगगाडी, दुकान, वर्तमानपत्र, प्रयोगशाळेतील चाचणी, संगणकाचा प्रोग्राम असे काहीही बसू लागले. यंत्रयुगात माणसाने चालू ठेवायच्या वस्तूंची संख्या प्रचंड वाढली आणि त्यांतल्या बहुतेकींसाठी इंग्रजीने हाच शब्द पुढे केला. आपल्या स्वयंपाकघरातील विळीवर जशी भाजीही चिरता येते आणि तिच्या टोकाच्या खवणीने नारळही खवता येतो, तसा हा एक शब्द दोन्ही कामांना पुरतो. वापरणाऱ्याला फक्त कोणती बाजू पुढे आहे ते कळावे लागते.

तुर्कीत काम प्रत्ययावर पडते

तुर्कीत प्रयोजकाचे प्रत्यय शाबूत आहेत आणि रोज वापरात आहेत. ‘चालिश्माक’ म्हणजे काम करणे. माणूस काम करतो आणि यंत्रही काम करते, म्हणून ‘यंत्र चालू आहे’ याला तुर्क ‘चालिशियोर’ म्हणतात. त्याला ‘तिर’ हा प्रत्यय लावला की ‘चालिश्तिर्माक’, म्हणजे कामाला लावणे, चालू करणे. संगणकावरील ‘रन’ या आज्ञेला तुर्की आवृत्तीत ‘चालिश्तिर’ असेच नाव आहे. हा शब्द मुळात ‘चाल्माक’, म्हणजे आघात करणे, यावरून आला आहे. त्यातील ‘इश’ हा प्रत्यय परस्परक्रियेचा आहे. एकमेकांवर आघात करणे, झटापट करणे, मग धडपडणे आणि शेवटी काम करणे, असा त्याचा प्रवास झाला.

प्रत्ययावर प्रत्यय कसे चढतात, याचे उदाहरण ‘चालिश्तिरिलामादि’ या एका शब्दात मिळते. त्यात काम करणे, करायला लावणे, कर्मणी, असमर्थता आणि भूतकाळ एवढे सगळे क्रमाने आले आहे, आणि अर्थ होतो ‘चालवता आले नाही’. मराठीनेही तेवढेच सांगितले. तीन शब्दांत सांगितले, इतकाच फरक.

दुसरी जोडी ‘इश’ म्हणजे काम या नामावरून (वरच्या ‘इश’ प्रत्ययाहून हा वेगळा शब्द) आली आहे: ‘इश्लेमेक’ म्हणजे कार्य करणे, सुरू असणे, आणि ‘इश्लेत्मेक’ म्हणजे चालवणे. दुकान, हॉटेल किंवा खाण चालवण्यासाठी हा शब्द वापरतात. त्यावरून झालेला ‘इश्लेत्मे’ हा शब्द उद्योग-व्यवसाय या अर्थाने आहे आणि विद्यापीठांतील व्यवसाय व्यवस्थापनाच्या विभागालाही तेच नाव असते.

तिसरी जोडी मराठी वाचकाला विशेष ओळखीची वाटेल. ‘युरुमेक’ म्हणजे पायी चालणे आणि ‘युरुत्मेक’ म्हणजे चालवणे. आपण जसा संस्थेचा कारभार ‘चालवतो’ तसाच तुर्कही तो चालवतात. राज्यव्यवस्थेच्या तीन अंगांपैकी कार्यकारी अंगाला त्यांच्याकडे ‘युरुत्मे’ हाच शब्द आहे. इंग्रजीने कारभार धावडवला, तुर्कीने आणि मराठीने तो चालवला. मला आपली चाल अधिक समजूतदार वाटते, पण हा शुद्ध पक्षपात आहे.

उरलेले अर्थ कुठे गेले?

वाहण्याच्या अर्थाने तुर्कीत ‘आक्माक’ आहे. नदी, नळ, डोळ्यांतले पाणी आणि सर्दीतले नाक या सर्वांना ते चालते. नाकाच्या बाबतीत मराठी आणि तुर्की शब्दशः जुळतात. संकटातून किंवा घरातून पळून जाण्यासाठी ‘काच्माक’ आहे आणि त्याचा प्रयोजक ‘काचिर्माक’ फार मजेदार आहे. मुलगी पळवणे, विमान पळवणे हे अर्थ आपल्या ‘पळवणे’सारखेच आहेत, पण बस चुकली तरी तुर्क माणूस ‘मी बस पळवली’ अशा थाटाचे वाक्य बोलतो, म्हणजे ती माझ्या हातून निसटू दिली. मराठीत अशा वेळी बसच आपल्याला चुकते आणि दोष आपल्यावर येत नाही.

नाटक तीन महिने ‘रन’ झाले, हे सांगताना तुर्कीत ‘सुर्मेक’ लागते, ज्याचा अर्थ टिकणे, चालू राहणे. गाडी हाकणे आणि शेत नांगरणे यांसाठीही तेच क्रियापद आहे. रस्ता किनाऱ्याने ‘रन’ होतो, तेव्हा तो तुर्कीत ‘उझानियोर’, म्हणजे लांबवर पसरत जातो, कारण या क्रियापदामागे लांबीचाच अर्थ आहे. साखर किंवा वेळ संपल्याचे सांगायला इंग्रजीत ‘रन’च्या पुढे ‘आउट’ जोडतात. तुर्कीत त्यासाठी ‘बित्मेक’ आणि ‘तुकेन्मेक’ आहेत. यातल्या दुसऱ्यावरून तुर्कांनी बॉलपेनला ‘तुकेन्मेझ कालेम’, म्हणजे न संपणारी कलम, असे नाव दिले. ते पेनही संपते, हा भाग वेगळा. रस्त्यात अचानक कोणी भेटले तर ‘रास्त्लामाक’ आणि गाडीखाली काही चिरडले गेले तर ‘एझ्मेक’.

निवडणुकीचा अर्थ थोडा निराळा आहे, कारण तेथे स्वतः इंग्रजीतच दुफळी आहे. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ होतो, ब्रिटनमध्ये तो पूर्वापार ‘स्टँड’ होतो, म्हणजे उभा राहतो. मराठी माणूसही उभा राहतो किंवा निवडणूक लढवतो. तुर्कीत धावणे, उभे राहणे, लढणे यांतले काहीच न करता ‘आदाय ओल्माक’, म्हणजे उमेदवार होणे, एवढे सरळ म्हणतात.

आणि प्रत्यक्ष धावणे? त्यासाठी ‘कोश्माक’. कोशात ‘रन’समोर पहिला तुर्की शब्द हाच दिलेला असतो, आणि माणूस, घोडा किंवा कुत्रा पायांनी धावत असेल तर तो बिनचूक आहे. मात्र याच रूपाचा आणखी एक अर्थ आहे: जोडणे, जुंपणे. घोडा गाडीला जुंपणे हे ‘कोश्माक’ आणि अट घालणे हे ‘शार्त कोश्माक’. यातील ‘शार्त’ म्हणजे अरबी ‘शर्त’. तोच शब्द आपल्याकडे येऊन ‘शर्त’ झाला, पैजेवरून धावण्याच्या चुरशीपर्यंत पोहोचून ‘शर्यत’ झाला आणि प्रयत्नांची ‘शर्थ’ही झाला. १९३२ साली स्थापन झालेल्या तुर्की भाषा संस्थेच्या चळवळीत अरबी-फारसी शब्दांना देशी पर्याय शोधण्यात आले, तेव्हा ‘शार्त’ला ‘कोशुल’ हा पर्याय ‘कोश्माक’वरूनच घडवला गेला. आज दोन्ही शब्द वापरात आहेत.

मग इंग्रजी श्रीमंत आणि तुर्की गरीब, असे म्हणायचे का?

एका शब्दाला ६४५ अर्थ असणे ही श्रीमंती आहे, असे मानणारे लोक भेटतात. उलट, प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द असणे हीच खरी श्रीमंती, असे म्हणणारेही भेटतात. दोन्ही बाजूंचा हिशेब चुकीचा आहे. इंग्रजीत वाहणे, पळ काढणे, चालवणे, व्यवस्थापन करणे यांसाठी स्वतंत्र क्रियापदे आहेतच. ‘रन’ त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. तुर्कीतही अनेक अर्थ पोटात घेणारी क्रियापदे भरपूर आहेत. ‘चेक्मेक’ म्हणजे ओढणे. पण तुर्क माणूस फोटो ‘ओढतो’, बँकेतून पैसे ‘ओढतो’, दुःख ‘ओढतो’ आणि लक्षही ‘ओढतो’. ‘चेक्मेक’ मराठीत आणायचे तर फोटो काढणे, पैसे काढणे, दुःख भोगणे, लक्ष वेधून घेणे अशी फोड करावी लागेल, म्हणजे ‘रन’वर आली तीच पाळी ‘चेक्मेक’वर येईल. आपले ‘काढणे’ घेतले तर फोटो, पैसे, चित्र, कर्ज, विषय, दृष्ट, दूध आणि दिवस अशी काढण्याजोग्या गोष्टींची यादी परभाषिकाला घाम फोडणारी आहे. रोजच्या वापरातले, लहान आणि हालचाल दाखवणारे क्रियापद बहुतेक भाषांत असे पसरत जाते. ते कोणत्या दिशेने पसरेल, हे मात्र त्या भाषेच्या व्याकरणावर आणि इतिहासावर अवलंबून असते.

६४५ हा आकडा किती गंभीरपणे घ्यावा?

अर्थ मोजण्याची मोजपट्टी निसर्गाने दिलेली नाही. ती कोशकाराने ठरवलेली असते. नदीचे वाहणे, नळाचे वाहणे आणि ओल्या कापडावरील रंगाचे पसरणे हे तीन अर्थ मानायचे की एका अर्थाच्या तीन छटा, यावर दोन जाणते संपादकही वेगळा निर्णय देऊ शकतात. शिवाय ऑक्सफर्डचा कोश ऐतिहासिक आहे, त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वी वापरातून गेलेले अर्थही त्यात नोंदले जातात. ‘आउट’, ‘इनटू’, ‘ओव्हर’ असे शब्द जोडून होणारे प्रयोगही एकूण पसाऱ्यात मोठी भर घालतात. म्हणून सुशिक्षित इंग्रज माणसालाही हे सगळे अर्थ ठाऊक असतात असे नाही, आणि शिकणाऱ्याने ते पाठ करावेत असे तर मुळीच नाही.

शब्दकोशातील पहिला प्रतिशब्द का फसवतो?

दोन भाषांचा छोटा कोश ‘रन’ आणि ‘कोश्माक’ समोरासमोर ठेवतो, आणि त्यामुळे त्या दोन शब्दांची हद्द सारखी असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्या हद्दी एका कोपऱ्यात तेवढ्या एकमेकींवर येतात. इंग्रजी वाक्य समोर आले, की आधी ‘रन’च्या पुढे कर्म आहे का ते पाहावे. कर्म असेल आणि कोणी कोणाला किंवा कशाला चालू ठेवत असेल, तर तुर्कीत बहुधा प्रयोजक रूप लागते आणि मराठीत ‘चालवणे’ किंवा ‘सोडणे’ यासारखे काही. आंघोळीच्या टबात पाणी ‘रन’ करणे हे आपल्याकडे पाणी सोडणेच असते. कर्म नसेल तर कर्ता पाहावा. प्राणी असेल तर धावणे, द्रव असेल तर वाहणे, यंत्र असेल तर चालणे, रस्ता किंवा भिंत असेल तर जाणे वा पसरणे. एवढ्या तपासणीत रोजच्या वाचनातली बहुतेक वाक्ये सुटतात.

काही ठिकाणी मात्र ही युक्तीही हात टेकते. ताप ‘रन’ करणारा इंग्रज रोगी वाक्याचा कर्ता असतो, जणू तापही त्यानेच चालवायला घेतला आहे. मराठीत ताप आपल्याला येतो किंवा अंगात चढतो, आणि तुर्कीत माणसाचा ‘आतेश’, म्हणजे मूळ अर्थाने आग, बाहेर पडतो किंवा वर चढतो. येथे क्रियापदाऐवजी संपूर्ण वाक्याची बैठकच बदलावी लागते, आणि अशी वाक्ये आख्खी लक्षात ठेवण्यावाचून इलाज नसतो.